साऱ्या कोर्टाची आत्या

माझ्याविरुद्ध खेळणाऱ्या मुलीला सामन्याआधी शेंगदाण्याचा लाडू खाऊ घालणारी बाई या जगात एकच असेल, आणि ती नेमकी माझ्याच सोबत आलेली असायची. सुमनआत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण.

सामना सुरू व्हायला थोडा वेळ उरलेला असायचा. मी एका कोपऱ्यात दोरीवरच्या उड्या मारत असायचे, आणि पलीकडच्या बाकाजवळ आत्या त्या दुसऱ्या मुलीसमोर स्टीलचा डबा उघडून उभी.

"घे वं माय, खाय. पोटात काई नाई त हातात जोर कुठून येईन?"

ती मुलगी कधी हैदराबादची असायची, कधी गुवाहाटीची. पुढेपुढे ताश्कंदची नाहीतर बेलग्रेडची. भाषा कोणालाच कळायची नाही, लाडू सगळ्यांना कळायचा.

मी चिडायचे. "आत्या, ती माझ्याशीच खेळणारे. तिच्या हातात जोर कशाला हवाय तुला?"

"उपाशी पोट्टी बेइमानी करते," आत्या शांतपणे डब्याचं झाकण लावत म्हणायची. "पोट भरलं का मानूस खोटं बोलत नाही."

यामागे तिचा अनुभव होता. लहान स्पर्धांमध्ये रेषेवर पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं असतं. आता रेषेला चिकटून पडलेला चेंडू पाहून, सामना हातातून निसटत असताना, "आत" म्हणणं किती अवघड असतं ते खेळणाऱ्यालाच ठाऊक. आत्याला टेनिसमधलं बाकी काही कळत नव्हतं, पण ही एक गोष्ट तिनं पहिल्याच वर्षी हेरली होती आणि त्यावर तिच्या परीनं उपाय शोधला होता. उपाय लागू पडायचाच असं नाही. सोलापूरच्या एका स्पर्धेत एका मुलीनं चार लाडू खाल्ले आणि तरी माझे दोन चांगले चेंडू बाहेर दिले. आत्या तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "इची भूक हा रोगच हाय. लाडवाचं काम नाही."

आमचं गाव पिंपळगाव राजा. घरची शेती चांगली, कापूस, तूर, सोयाबीन. अशा घरात टेनिस कुठून आलं, असं सगळे विचारतात. ते बाबांनी आणलं. अकोल्याला शेतकी कॉलेजात असताना एका क्लबाच्या कोर्टावर ते संध्याकाळी जाऊन बसायचे आणि कोणाला जोडीदार कमी पडला की खेळायचे. ते वेड त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. लग्न झालं, शेती अंगावर पडली, मी झाले. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी मळ्यात विहिरीशेजारची जागा सपाट करून मुरूम टाकला, रूळ फिरवला, चुन्यानं रेषा मारल्या आणि मधे जाळी बांधली. गावातले लोक पाहायला यायचे. कोणी विचारायचं, "भाऊ, मिरच्या वाळवाले केलं का हे?" बाबा माझ्याकडे चेंडू मारत राहायचे.

पुढे मला पुण्याला शिकायला ठेवायचं ठरलं. बाराव्या वर्षी मुलगी एकटी कशी राहणार? आईच्या पदरात माझा धाकटा भाऊ होता. मग घरात रिकामं कोण, असा प्रश्न निघाला आणि उत्तर आलं, आत्या. पहाटे चुलीपुढे बसलेली आत्या रात्री भांडी पालथी घालूनच उठायची, तरी घरात रिकामी तीच होती. कारण तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं. मेहकरच्या पलीकडच्या एका गावात तिला दिलं होतं. अडीच वर्षांत ती एक पेटी घेऊन परत आली. तिकडे काय झालं ते घरात कोणी बोलायचं नाही. नवऱ्यानं दुसरं लग्न केल्याचं मात्र पंचक्रोशीला माहीत होतं. गावात तिच्यासाठी एक शब्द होता, माघारी आलेली. हळदीकुंकवाला शेजारच्या बाया आईला बोलवायला यायच्या तेव्हा आत्या आपोआप मागच्या अंगणात काहीतरी निवडत बसायची.

तर ही आत्या माझ्यासोबत पुण्याला आली, आणि मग पुढची सगळी वर्षं मी जिथे गेले तिथे आली.

पुण्यात माझी भाषा बदलली. आत्याची बदलली नाही. आमच्या खोलीखालच्या दुकानदाराला ती "मले पावशेर साखर देजो भाऊ" म्हणायची तेव्हा तो हसायचा. आत्याही हसायची. तिला वाटायचं, मनमिळाऊ माणूस आहे.

तिचा पोशाख ठरलेला. पातळ, त्याखाली माझे जुने झालेले खेळाचे बूट, आणि डोक्यावरच्या पदरावर टोपी. माझ्या रॅकेटच्या तुटलेल्या तारा ती फेकू द्यायची नाही. त्यांच्या गाठी मारून तिनं एक लांब वादी केली होती आणि ज्या खोलीत उतरू तिथे ती आधी खिडकीपासून कपाटापर्यंत ताणायची. त्यावर माझे मोजे, तिचं पातळ, टॉवेल. हे झालं की म्हणायची, "आता हे आपलं घर." त्याआधी ती पलंगावर टेकायचीसुद्धा नाही.

सरावाला कोर्ट मिळणं ही छोट्या स्पर्धांमधली मोठी कटकट. आधीच्या जोडीची वेळ संपली तरी त्या हलत नाहीत. मी दोनदा विनंती करायचे आणि गप्प बसायचे. आत्या काही बोलायची नाही. ती जाळीच्या खांबाजवळ जाऊन उभी राहायची आणि त्या मुलींकडे बघायची. रागानं नाही, नुसती बघायची, दुधावर लक्ष ठेवतात तशी. थोड्याच वेळात मुली आपापल्या पिशव्या भरायला लागायच्या.

आणि सामना संपून मी बाहेर आले की तिचा एकच प्रश्न असायचा.

"झालं का?"

"झालं."

"मंग चाल, जेव."

जिंकलीस का, हे तिनं कधी विचारलं नाही. ते विचारायला फोनवर बाबा होते, पुण्याचे सर होते, खामगावचे नातेवाईक होते. लहानपणी मला वाटायचं, आत्याला माझ्या खेळाचं काहीच नाही. मोठी झाल्यावर, हरून बाहेर येताना, तो प्रश्न ऐकायला मिळेल म्हणून मी पावलं उचलायचे.

टीव्हीवर जे टेनिस दिसतं त्याच्या खाली पुष्कळ मजले आहेत. आम्ही तळमजल्यावर होतो. इथे चेंडू उचलून द्यायला पोरं नसतात, आपले चेंडू आपणच गोळा करायचे. प्रेक्षक म्हणजे आत्या, एखादी दुसरी आई, आणि सावली शोधत आलेलं कुत्रं. सोमवारी बत्तीस मुली खेळायला लागतात आणि रविवारी त्यातल्या एकतीस जणी हरलेल्या असतात. मग सगळ्या पिशव्या उचलून पुढच्या गावाला जातात आणि सोमवारी पुन्हा तेच. मी काही वाईट खेळत नव्हते. देशातल्या दोन छोट्या स्पर्धा जिंकले. जागतिक क्रमवारीत एकदा सहाशेच्या घरात जाऊन आले. गावात बाबांनी पेढे वाटले होते. लोकांनी विचारलं, सहाशे म्हणजे वरून की खालून?

बाहेर देशात जायला लागलो तेव्हा मला आत्याची काळजी होती. इंग्रजी तिला अजिबात येत नव्हती. पण त्याची अडचण तिला कधी झालीच नाही. झाली ती समोरच्याला. ती सगळ्या जगाशी वऱ्हाडीत बोलायची, सावकाश, हातवारे करत, आणि समोरच्याला कळलंच पाहिजे अशा खात्रीनं. ट्युनिशियात समुद्राकाठच्या एका हॉटेलात हिवाळाभर दर आठवड्याला स्पर्धा असतात. तिथे आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा जेवणाच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलांवर मांडलेले पदार्थ पाहून आत्या दारातच थांबली.

"गौरे, लगन कोनाचं हाय?"

"कोणाचंच नाही. रोजच असतं."

"नवरदेव नाही, नवरी नाही, आन पंगत रोज?" ती आत आली. तिनं एक ऑलिव्ह तोंडात टाकला, चेहरा वेडावाकडा केला आणि पाणी पिऊन म्हणाली, "कोनं त बोरं खारवले हो!"

तिथल्या मुलींमध्ये ती आठवड्याभरात मुरली. या मुली पंधरा-वीस वर्षांच्या, बहुतेक एकट्या फिरणाऱ्या. कोणाची आई सोबत नाही, कोणाचा प्रशिक्षक नाही. त्यांना वाटलं 'आत्या' हे तिचं नावच आहे. जपानी मुलगी "आत्त्या-सान" म्हणायची. रशियाच्या दोघी बहिणी लांबून "आत्याऽ" अशी हाक मारायच्या की आख्खं कोर्ट वळून बघायचं. त्यांना आत्यानं डब्यातले लाडू दिले, शिवणाची सुई दिली, पोट दुखलं तेव्हा ओवा दिला.

एकदा संध्याकाळी जेवण झाल्यावर सगळ्या तिच्याभोवती बसल्या होत्या. त्या बहिणींपैकी धाकटीनं मला विचारलं, आत्याचा नवरा कुठे असतो? मी गोंधळले. हा विषय आमच्या घरात कोणी काढत नसे. काय सांगावं म्हणून मी आत्याकडे पाहिलं.

"काय म्हनते थे?" आत्यानं विचारलं.

"काही नाही."

"सांग ना."

"नवऱ्याचं विचारतेय."

पंच करतात तसं आत्यानं उजव्या हाताचं बोट बाजूला वर केलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "आउट!"

मुली हसून हसून खुर्च्यांवरून घसरल्या. आत्याही हसत होती, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

त्याच मुक्कामातली गोष्ट. सर्बियाची एक उंच मुलगी होती, मिलेना नावाची. एक फोन आल्यावर ती जिन्यात बसून रडत होती. काय झालं होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आत्यानं तिला खोलीत आणलं, खाली बसवलं आणि तिच्या डोक्याला खोबऱ्याचं तेल लावायला बसली. ती एवढी मोठी मुलगी आत्याच्या गुडघ्यांना पाठ टेकून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिचा सामना माझ्याशीच होता. तिसऱ्या सेटमध्ये तिनं मला हरवलं.

"झालं का?"

"झालं." मी पिशवी आपटली. "तिचं डोकं तू थंड केलंस आत्या. काल रात्री झोपली नसती तर आज मी जिंकले असते."

"मंग? तिची माय अठी हाय का?"

आम्ही जेवायला गेलो.

खांदा तेव्हापासूनच कुरकुरत होता. सर्व्ह करताना हात वर गेला की आत कुठेतरी सुई टोचल्यासारखं व्हायचं. मी पट्ट्या बांधून खेळत राहिले, थांबून पुन्हा खेळले, पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून काही महिने रॅकेट हातातही घेतलं नाही. क्रमवारीत सहाशेचे नऊशे झाले, मग बाराशे. पुन्हा एका हिवाळ्यात ट्युनिशियाला गेलो. पहिल्याच फेरीत एका सतरा वर्षांच्या मुलीनं मला हरवलं. हरण्याचं काही नव्हतं. पण त्या दिवशी मी शेवटचा चेंडू खालून सर्व्ह केला, कारण हात वर जाईचना. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या नजरेत कीव होती.

खोलीवर येऊन मी आत्याला सांगितलं, "आत्या, मी थांबते. आता पुन्हा खेळणार नाही."

ती वादीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. तिनं माझा एक टी-शर्ट उलगडला, पुन्हा त्याची घडी केली.

"बाबांना मी सांगते," मी म्हणाले. "तिकीट बदलून घेऊ. परवाच्या विमानानं निघता येईल."

"अजून धा-पंधरा दिसाचं हाय ना आपलं?"

"हो, पण आता पुढच्या स्पर्धांना काय करायचं? खांदाच राहिला नाही."

"मंग नको खेळू."

"तेच तर म्हणतेय."

"खेळू नको," आत्या म्हणाली. अजूनही तिची पाठच होती माझ्याकडे. "पन राहू ना."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, मला विश्रांती मिळावी म्हणून म्हणतेय. मी म्हटलं ठीक आहे, आणि तिकीट बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला करायला काही नव्हतं. इतकी वर्षं मी सकाळी उठून कोर्टावर जात होते आणि आत्या मागे राहून काय करते, हा प्रश्न मला पडला नव्हता. त्या दिवशी मी तिच्यासोबत निघाले. ती आधी खाली धुण्याच्या खोलीत गेली. तिथे फातमा नावाची बाई होती, आत्याच्याच वयाची. दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालायला लागल्या. फातमा तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगत होती, आत्या "हाव, हाव, तसंच असते बापा" म्हणत होती, आणि मग आत्या तुरीच्या भावाबद्दल काहीतरी सांगायला लागली तर फातमा मान हलवत होती. बागेत माळ्यानं तिला दोन लिंबं दिली. बाहेर रस्त्यावर पुदिनेवाल्यानं तिला हाक मारली, "आत्या!" तिनं त्याच्याशी घासाघीस केली, दोघांनी आपापल्या भाषेत एकमेकांना लुबाडणारे ठरवलं आणि शेवटी त्यानं एक जुडी वर टाकली. मग ती समुद्राच्या कट्ट्यावर गेली. तिथे एक म्हातारी मासे साफ करत बसायची. आत्या माळकरी, पदर नाकाला लावून ती तिच्याशेजारी बसली.

"वास येत नाही का ग?" मी विचारलं.

"येते ना! पन मानूस चांगलं हाय."

मीही बसले. बोटी येत होत्या. आत्या बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"घरी असली का मी माघारी आलेली बाई. अठी मी नुसती आलेली. कोनी इचारत नाही कायले आली, कधी जाशीन." तिनं बोटानं नाकावरचा पदर नीट केला. "तुहं ते खेळनं मले काई समजलं नाही, गौरे. कोन कसं जिंकते, काऊन हारते. तू खेळत होती म्हनून मले हे पाह्यले भेटलं. तू बंद केलं, चांगलं केलं. तुहा खांदा मले पाह्यवत नव्हता. पन मले वाटलं, पंधरा दिस हायेत त राहू."

आम्ही राहिलो. मी तिला रोज सोबत केली. निघायच्या दिवशी फातमा रडली. आत्या रडली नाही. तिनं वादी सोडली, गुंडाळली आणि पेटीत ठेवली.

नांदुऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा बाबा स्टेशनवर आले होते. त्यांनी माझा खांदा पाहिला, डोक्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांच्या वेडाचा शेवट त्यांनी असा एक हात फिरवून केला आणि मग वाटेत फक्त तुरीबद्दल बोलले. घरी आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आईचे गुडघे आता फार दुखत होते. ती आत्याला म्हणाली, "आल्या बाई तुमी, बरं झालं. माह्याच्यानं आता चुलीपुढे बसनं होत नाही." त्यात वाईट काही नव्हतं, खरंच दुखत होतं तिचं. आत्यानं बूट काढले, पदर खोचला आणि आत गेली.

त्यानंतरचे काही महिने घरात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. आत्या बोलेनाशी झाली होती. भांडत नव्हती, रुसली नव्हती, नुसती कमी बोलत होती. शेजारच्या वेणूकाकू हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या आणि आत्या उठून मागच्या अंगणात गेली. मिलेनाच्या डोक्याला तेल लावणारी हीच का, असं वाटावं.

मला बुलढाण्याला काम मिळालं. तिथे दोन सिमेंटची कोर्टं आहेत, मुलं शिकायला येतात. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सकाळच्या चहाला मी बाबांसमोर विषय काढला.

"आत्याला नेते मी."

आई आतून म्हणाली, "मंग अठीचं कोन पाहीन?"

"बाई लावू. मी देते पैसे."

"तिले तठी काय करमंन?" बाबा म्हणाले.

"ते तिला विचारा ना, बाबा."

बाबा वाईट माणूस नाहीत. बहिणीला ते कधी उणा शब्द बोलले नाहीत, तिची लुगडंचोळी त्यांनी कधी चुकवली नाही. पण त्या घरात आत्याला कोणी प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता. तिला सांगायचे. पुण्याला जायचंय, परत यायचंय, पाहुणे येणारेत. ती हो म्हणायची. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि हाक मारली.

"सुमे!"

आत्या हात पुसत दारात आली.

"गौरी म्हनते, तुले बुलढान्याले नेतो. जातं का?"

आत्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. आत दूध वर यायला लागलं होतं. आईच उठली, गुडघ्यावर हात देत.

"सांगून राह्यला," आत्या म्हणाली, "का इचारून राह्यला?"

बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांचं वय झालंय हे मला तेव्हा दिसलं.

"इचारून राह्यलो," ते म्हणाले.

"मंग टाइम दे. इचार कराले."

आणि ती आत गेली.

मी हिरमुसले. मला वाटलं होतं ती लगेच हो म्हणेल, वादी गुंडाळून तयारच असेल. मी स्वयंपाकघरात तिच्या मागे लागले. "यात विचार काय करायचाय?" ती कणीक मळत म्हणाली, "असते." दुपारी मात्र ती झोपली. पुढच्या खोलीत, पंख्याखाली, चटई टाकून. दुपारी झोपलेली आत्या त्या घरानं पाहिली नव्हती. आई दोनदा येऊन बघून गेली.

संध्याकाळी ती ओट्यावर बसली. वेणूकाकू समोरून चालल्या होत्या, त्यांना तिनं स्वतःहून थांबवलं. मी आत खिडकीशी होते.

"भाऊनं इचारलं हाय मले," ती सांगत होती. "बुलढान्याले जातं का म्हने. गौरीजवळ."

"मंग? काय म्हनलं तुमी?"

"पाह्यतो," आत्या म्हणाली. "अजून ठरवलं नाही."

वेणूकाकू टेकल्या. मग आणखी एक बाई आली. कोणी म्हणालं, तिकडची हवा थंड आहे, तुम्हाला मानवेल. कोणी म्हणालं, इथं भावाजवळच बरं. आत्या सगळ्यांचं ऐकून घेत होती, मान डोलावत होती, मधेच "तेही बराबर हाय" म्हणत होती. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं की सुमनबाई विचार करतायत. बाबांनी सकाळच्या चहाला विचारलं, काय ठरलं? "चालू हाय इचार." रात्रीच्या जेवणाला विचारलं. "चालू हाय."

आज आत्या माझ्याजवळ बुलढाण्यात आहे. सकाळी मी कोर्टावर असते तेव्हा ती बाजारात असते आणि भाजीवाल्या बायांमध्ये तिचं बस्तान माझ्यापेक्षा पक्कं आहे. ती येणार, हे खरं तर तिला त्या दारातच माहीत होतं. मलाही ते त्या संध्याकाळी ओट्यावरचा तिचा आवाज ऐकून कळलं, आणि मी मागे लागायचं सोडून दिलं.

तर, विचारल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा घेऊन अंगणात बसले होते. मळ्यात मजूर आले होते, गाडी दारात उभी होती, त्यांना निघायला उशीर होत होता. माझे बाबा कोणासाठी थांबणारे नव्हते; पेरणीला पाऊस लांबला तरी त्यावर चिडणारा माणूस. आत्या त्यांच्यासमोर आली आणि, मी पहिल्यांदाच पाहिलं, खुर्ची ओढून त्यांच्या पुढ्यात बसली.

"काय ठरलं मंग, सुमे?" त्यांनी विचारलं.

आत्यानं फाटकाबाहेर पाहिलं. तिथे वेणूकाकू उगाच रेंगाळत होत्या.

"अजून दोन दिस दे," ती म्हणाली.

बाबांनी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि पाय पसरून बसले.

"घे," ते म्हणाले.